पहाटे चारच्या अलार्मचं काय करायचं?

जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उठला की सोलापुरात ज्या घरात बारावीचं पोरगं किंवा पोरगी आहे तिथं एकदम वातावरण बदलतं, पाहुण्यांना "आता पेपर झाल्यावरच या" असं सांगून टाकतात, केबल बंद होते, आणि पहाटे चारचा अलार्म लागतो. आई स्वतः आधी उठते, चहा टाकते, मग "ऊठ की रे, चार वाजून गेले" अशी हाक, आणि पोरगं डोळे चोळत फिजिक्स उघडून बसतं. पहाटेचं वाचलेलं डोक्यात राहतंय हे आपण सगळ्यांनी आजोबांपासून ऐकलेलं आहे. यामागची माया अगदी खरी आहे, त्याबद्दल काही म्हणणंच नाही. पण सतरा वर्षांच्या शरीराचं घड्याळ आणि झोपेतली स्मरणशक्ती याबद्दल गेल्या तीस-चाळीस वर्षांत बरंच कळलंय, आणि ते वाचल्यावर माझं तरी पक्कं मत झालंय की या दिवसांत आईबापांनी करण्यासारखं सगळ्यात मोठं काम म्हणजे पोरांची झोप राखणं, आणि नेमकी तीच आपण प्रेमापोटी मोडतो.

आधी घड्याळाचं बघू. मेंदूत हायपोथॅलॅमस म्हणून भाग आहे, तिथं साधारण २० हजार पेशींचा एक बारीक गठ्ठा असतो, तो अख्ख्या शरीराची दिवस-रात्र ठरवतो. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन नावाचं हार्मोन सुटायला लागतं आणि मग झोप येते. वयात येताना हे मेलाटोनिन सुटायची वेळ पुढे सरकते, तास-दोन तास सुद्धा. लहान असताना साडेनऊला पेंगणारं पोरगं सोळाव्या-सतराव्या वर्षी अकरा वाजले तरी टक्क जागं असतं ते यामुळे. अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीच्या मेरी कार्सकाडन यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांनी २००४ मध्ये हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या तर दिसलं की हे पुढे सरकणं विशीच्या आसपास थांबतं आणि मग माणूस हळूहळू परत लवकर झोपायला लागतो. मोबाईल हे आणखी एक कारण आहेच, पण मोबाईल काढून घेतला तरी सतरा वर्षांच्या पोराला नऊला झोप येणार नाही, त्याच्या शरीरात रात्र अजून झालेलीच नसते.

आता हिशोब करा. झोप लागली साडेअकराला, उठवलं चारला, म्हणजे झाली साडेचार तास. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तास झोप सांगितलेली आहे. अर्धीच मिळाली ना. आणि बोर्डाचा पेपर असतो अकरा वाजता, साडेदहाला सेंटरवर पोचायचं! चारला उठलेलं पोरगं अकरापर्यंत सात तास जागं असतं, त्याच्या डोक्याने बहुतेक आंघोळीच्या वेळीच हात टेकलेले असतात.

(जाता जाता एक. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं काढलं, चांगलंच केलं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलेलं असतं ती पोरं नववी ते बारावीतली, आणि ती सहाला क्लासच्या दारात उभी असतात. अमेरिकेत सिएटल शहराने २०१६ मध्ये मोठ्या पोरांच्या शाळेची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तर पोरं रात्री अजून उशिरापर्यंत जागली नाहीत, रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली. आपल्याकडे क्लासवाल्यांनी हे मनावर घ्यावं असं फार वाटतं.)

तुम्ही म्हणाल झोप कमी झाली तर झाली, वाचन तर जास्त होतंय. इथंच खरी गंमत आहे, कारण वाचलेलं पक्कं व्हायचं काम झोपेतच चालतं. दिवसभर जे शिकतो ते आधी हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात उतरतं, ती समजा दुकानदाराची कच्ची वही. रात्री गाढ झोपेत त्यातलं पक्क्या वहीत, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरात, चढायला लागतं. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक तारा बसवून बघितलं, तर दिवसा पळताना ज्या पेशी एकत्र पेटत होत्या त्याच पेशी उंदीर झोपल्यावर परत एकत्र पेटत होत्या, म्हणजे उंदीर झोपेत दिवसाची उजळणी करत होता. आणि रात्रभर झोप एकसारखी नसते, साधारण दीड-दीड तासाचे फेरे असतात, पहिल्या अर्ध्या रात्रीत गाढ झोप जास्त आणि पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप जास्त. चारला उठवलं की पहाटेचा तो सगळा भाग कापला जातो.

सिंगापूरला २०१६ मध्ये १५ ते १९ वयाच्या ५६ पोरांवर प्रयोग झाला, हुशार शाळांतली पोरं, एका गटाला सात रात्री फक्त पाच-पाच तास झोपू दिलं, दुसऱ्याला नऊ तास. पाच तासवाल्यांचं लक्ष रोज थोडं थोडं घसरत गेलं, आणि नंतर दोन रात्री नऊ तास झोपवलं तरी पूर्ण भरून आलं नाही. म्हणजे "रविवारी झोपून घे की" हा आपला आवडता तोडगा फारसा चालत नाही.

अजून एक अभ्यास आहे तो मला प्रत्येक आईबापांना सांगावासा वाटतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये केमिस्ट्रीच्या वर्गातल्या १०० पोरांच्या हातात सेमिस्टरभर फिटबिट, म्हणजे झोप मोजणारा पट्टा, घातलं आणि मार्कांशी ताडून बघितलं, २०१९ मध्ये ते छापून आलं. नियमित आणि पुरेशी झोप घेणाऱ्यांचे मार्क जास्त होते, पण परीक्षेच्या फक्त आदल्या रात्रीच्या झोपेचा मार्कांशी संबंध दिसलाच नाही, संबंध होता तो आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेशी. आता यावरून झोपेमुळेच मार्क वाढले असं ठामपणे म्हणता येत नाही, पण एक मोठा दिलासा मिळतो. पेपरच्या आदल्या रात्री पोरगं तळमळत पडलं, झोप लागेना, तर "झोप रे झोप, उद्या पेपर आहे" म्हणून दर अर्ध्या तासाला डोकावायची गरज नाही. नुसतं पडून राहा, काही बिघडत नाही, असं म्हणायचं आणि लाईट बंद करायचा.

मग अभ्यासात आईबापांनी काहीच करायचं नाही का? करायचं, आणि त्याला सायन्स येण्याची गरज नाही. सोलापूरच्या पूर्व भागात एका घरात बघितलेलं सांगते, आई विड्या वळते, सुपात पानं-तंबाखू घेऊन बसलेली, शाळा तिची सातवीपर्यंत झालेली. पोरगी समोर पाटावर. पोरीने बायोलॉजीचं पान वाचून झालं की पुस्तक आईकडे सरकवायचं आणि पुस्तक न बघता सांगायचं. आई धड्याखालचे प्रश्न एक एक करत वाचणार, मध्येच "ते कसं काय म्हणे, परत सांग बरं" म्हणणार, हात मात्र थांबत नाहीत. पोरगी अडली की आई पान उलटं करून दाखवते, पोरगी बघते, परत सांगते. अर्धा तास.

ही बाई जे करते त्याला प्रयोगाचा भक्कम आधार आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी कॉलेजच्या पोरांना दोन उतारे दिले, एक परत वाचायचा, दुसरा न बघता आठवून लिहायचा. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचलेला पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण एका आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के डोक्यात शिल्लक आणि परत वाचलेल्यातलं ४२. परत परत वाचलं की ओळखीचं वाटतं म्हणून येतंय असं वाटतं, तो भास असतो. आठवायला मेंदूला जोर लावावा लागतो आणि त्या जोरानेच ते घट्ट बसतं. तेव्हा "वाचलंस का?" ऐवजी "काय वाचलंस, मला सांग" असं विचारा, आणि चुकलं तर ओरडू नका, चुकून मग बरोबर उत्तर बघणं हा त्यातलाच भाग आहे.

आवाजाचं पण एक आहे. आपल्याकडे शेजारी कापडाचे माग चालू असतात, त्यावरून पोरं अभ्यास होत नाही म्हणतात. माग भिंतीला लागूनच असेल तर खरंच त्रास आहे, पण लांबून येणाऱ्या एकसुरी खटखटीची मेंदू लवकर सवय करून घेतो. त्यापेक्षा जास्त नुकसान करतो तो कानावर पडणारा बोलण्याचा आवाज, हळू असला तरी. शब्द कानावर आले की लक्षात धरून ठेवायची जागा ते अडवतात, हे १९७० च्या दशकापासून प्रयोगात दिसलेलं आहे. म्हणजे बाहेरच्या खोलीतली सिरीयल आणि फोनवरचं "अगं काय सांगू" हे मागाच्या आवाजापेक्षा वाईट. ते दोन तास आपणच फोन घेऊन गच्चीवर गेलेलं बरं.

चहाबद्दल थोडक्यात. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साठतं आणि झोप येते, चहातलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. शरीरातलं निम्मं कॅफिन संपायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे रात्री आठच्या चहातलं निम्मं रात्री एकला पण अंगात असतं. संध्याकाळी सहानंतर चहा नको, दूध द्या, ताक द्या.

बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये निभावून जातात, खरी परीक्षा एप्रिल-मे मध्ये. सीईटी असते तेव्हा, मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास मेडिकलची 'नीट', आणि सोलापूर चाळिशीच्या वर गेलेलं. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, त्यासाठी हातापायातल्या रक्तवाहिन्या फुलून उष्णता बाहेर टाकतात. पण सिमेंटची स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री बारापर्यंत खाली ओकत राहते, त्यामुळे वरच्या मजल्यावरची खोली, जी आपण शांत म्हणून मुद्दाम पोराला देतो, तीच रात्री सगळ्यात तापलेली असते. स्लॅबवर पाणी मारा असं सांगणं सोपं आहे, पण ज्या शहरात पाण्याची कायम ओढाताण तिथं ते कुठून आणायचं. त्यापेक्षा या दोन महिन्यांसाठी खोल्या बदला, खालची खोली पोराला द्या, किंवा अंथरूण सरळ गच्चीवर टाका, उघड्या आभाळाखाली अंग लवकर निवतं. कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, आपली हवा कोरडी म्हणून कूलर इथं छान चालतो, पण खोली बंद केली की ओल साचते आणि नुसती चिकचिक. न्यूयॉर्कमधल्या शाळांच्या परीक्षांचे निकाल तपासले तेव्हा तापलेल्या दिवशी दिलेल्या पेपरात मार्क कमी दिसले होते, आणि ते शहर सोलापूरच्या मानाने किती थंड! नीट दुपारी दोन ते पाच असते, १८० मिनिटांत १८० प्रश्न, तेव्हा पाण्याची बाटली आणि सुती कपडे याकडे लक्ष द्या.

आता काळजीचं. काळजी करणारं डोकं गणित नीट करू शकत नाही कारण दोन्हीला लक्षात धरून ठेवायची तीच जागा लागते. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहिली की मार्क वाढतात असा एक प्रयोग २०११ मध्ये खूप गाजला, पण २०१८ मध्ये दुसऱ्या लोकांनी मोठ्या प्रमाणावर परत करून बघितला तर तो परिणाम मिळाला नाही, म्हणून तो उपाय मी सांगणार नाही. दुसरा एक छोटा प्रयोग आहे, ५७ तरुणांचा, २०१८ चाच. झोपताना पाच मिनिटं उद्या काय काय करायचं याची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे पण करून बघायला काय जातंय, उशाशी एक वही ठेवायची.

आणि त्या यादीतली निम्मी कामं तर आपणच उचलू शकतो. अ‍ॅडमिशनच्या कॅप राऊंडला लागणारं डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, कास्ट व्हॅलिडिटी, हे सगळं पोरगं मनात घोळवत असतं, बाबांनी सुट्टी काढून सेतू केंद्रात रांग लावली आणि फाईल करून कपाटात ठेवली तर तेवढं डोकं त्याचं मोकळं झालं. पर्सेंटाईलचं बोलणं निकालानंतर. सीईटीचे पर्सेंटाईल म्हणजे मार्क नव्हेत, आपल्या मागे किती टक्के पोरं आहेत तो आकडा, ते शेजारणीच्या पोराच्या बोर्डाच्या टक्क्यांशी लावून बघण्यात काही अर्थच नाही.

एवढं करूनही कधी कधी पोरगं दोन-दोन आठवडे नीट झोपत नाही, जेवण तुटतं, मित्रांचे फोन उचलत नाही, "माझ्याने होणार नाही, सगळ्यांना त्रास आहे माझा" असं बोलायला लागतं. हे नाटक म्हणून सोडून देऊ नका. तेव्हा अभ्यास बाजूला ठेवून शेजारी बसा, स्पष्ट विचारा, जीव द्यावासा वाटतो का असं सुद्धा विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर काहीही आलं तरी रागवायचं नाही, रात्री एकटं ठेवायचं नाही आणि डॉक्टरकडे न्यायचं. रात्री-अपरात्री सरकारची टेली-मानस ही लाईन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, आणि पोरगं फोन करायला तयार नसेल तर आई किंवा बाबांनी स्वतः केला तरी चालतो.