पाण्याचा सामू आणि पाण्यातलं बायकार्बोनेट

मीटरवर पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) आठ दिसला की तो उतरवायला सेंद्रिय बागवाले लिंबू शोधायला लागतात. पण सामू त्या घडीची स्थिती सांगतो. तो खाली आणायला आम्ल किती लागेल, हे पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटवर, म्हणजे आम्लाला अडवणाऱ्या क्षारावर ठरतं.

सिमेंटच्या नव्या टाकीतलं पावसाचं पाणी घ्या. सामू साडेआठ असला तरी बादलीला चमचा-दोन चमचे लिंबूरस पुरतो, कारण आम्लाला अडवणारं त्यात फारसं काही नसतं. बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून सामू साडेसातच दिसतो. पण त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असेल, तर १०० लिटरचा सामू सहावर आणायला साधारण ३० ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) लागतं. रसात मोजलं तर अर्धा लिटर, कदाचित जास्तच. एवढी लिंबं पिळत बसण्यात अर्थ नाही.

कुंडीला त्रास होतो तोही बायकार्बोनेटचाच. ड्रिपर चुन्याने बुजतात, पानांवर पांढरे डाग पडतात, मातीचा सामू हळूहळू चढतो आणि लोह झाडाला मिळेनासं होतं. मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे शेतकऱ्यांचा केवडा. टाकीतल्या त्या पावसाच्या पाण्याने असं सहसा होत नाही. ते मी तरी तसंच घालेन.

आम्ल घातलेल्या पाण्याचा सामू दुसऱ्या दिवशी परत आठच्या आसपास गेला, तर लगेच पुन्हा लिंबूसत्त्व ओतू नका. बायकार्बोनेट फुटून झालेला कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की सामू चढतोच, पण कमी झालेलं बायकार्बोनेट तेवढ्याने परत येत नाही. मात्र पाणी बरेच दिवस साठवलं तर जिवाणू लिंबूसत्त्वातलं सायट्रेट खातात आणि बायकार्बोनेट पुन्हा तयार होतं. म्हणून लागेल तेवढंच बनवा, त्याच दिवशी वापरा.

पाणी तपासणीच्या अहवालात सामूच्या खाली बायकार्बोनेटची ओळ असते. आकडा मिलीइक्विव्हॅलंटमध्ये असेल तर ६१ ने गुणा, मिलिग्रॅम मिळतात. प्रमाणित सेंद्रिय शेत असेल तर कोणतं आम्ल चालतं, हे आधी प्रमाणन संस्थेला विचारा. आणि जमीनच चुनखडीची असेल, तर पाण्यात आम्ल घालून तिचा सामू उतरेल ही आशा सोडा. तिथे शेणखत-कंपोस्टवर केलेला खर्च जास्त कामी येतो.