‘=एम’चं ‘+एम’ झालं त्याची पार्श्वभूमी

सीच्या कोडमध्येच थेट प्रोसेसरच्या सूचना लिहिणं म्हणजे इनलाइन असेंब्ली. तिचं मूळ दुखणं एकच आहे. अवतरणचिन्हांत लिहिलेली सूचना कंपायलर समजून घेत नाही. त्याच्या लेखी तो नुसता मजकूर, ऑपरँडच्या (सूचना ज्या किमतींवर काम करते त्यांच्या) जागा भरून असेंबलरकडे (सूचनांचा मशीन कोड करणाऱ्या प्रोग्रामकडे) पोचवायचा. सूचना काय वाचते आणि काय लिहिते, हे त्याला फक्त कोलनांनंतरच्या कन्स्ट्रेंटवरून, म्हणजे प्रत्येक ऑपरँडसाठी दिलेल्या ‘=एम’सारख्या छोट्या संकेतांवरून कळतं. तिथे चुकीचं सांगितलं तर तो त्याच माहितीवर विसंबून ऑप्टिमायझेशन करतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

कन्स्ट्रेंटमधली ही अक्षरं मुळात आपल्यासाठी नव्हतीच. ‘आर’ (रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जागा), ‘एम’ (मेमरी), ‘आय’ (सूचनेतच लिहिलेली स्थिर किंमत) हे जीसीसी या कंपायलरच्या मशीन डिस्क्रिप्शन फाइलींतले संकेत. कोणत्या सूचनेला कुठला ऑपरँड चालतो, हे कंपायलरने स्वतःच्या सोयीसाठी लिहून ठेवलेलं. तीच भाषा पुढे सी लिहिणाऱ्यांच्या हाती आली.

लिनक्स कर्नलमध्ये सगळ्यात जास्त घोळ झाला तो वाचून-बदलून-परत लिहिणाऱ्या ऑपरँडचा. काउंटर एकाने वाढवणारी सूचना मेमरीतली जुनी किंमत घेते आणि नवी तिथेच ठेवते. यासाठी एक्स८६च्या (इंटेल-एएमडी घराण्याच्या प्रोसेसरांच्या) कोडमध्ये वर्षानुवर्षं तोच काउंटर दोनदा लिहायची पद्धत होती: एकदा आउटपुटमध्ये ‘=एम’, एकदा इनपुटमध्ये ‘एम’. ‘+’ हे चिन्ह याच कामाचं, मग ते का नाही वापरलं? कारण जीसीसीच्या तेव्हाच्या दस्तऐवजात सांगितलं होतं की ‘+’ तिथेच वापरा जिथे ऑपरँडला रजिस्टर चालतं. ‘+एम’मध्ये रजिस्टर चालत नाही. कंपायलर आत ‘+’ फोडून एक आउटपुट आणि त्याला जुळणारं इनपुट असे दोन ऑपरँड करायचा, आणि मेमरीच्या बाबतीत ही जुळणी भरवशाची नव्हती. माझ्या मते ती ताकीद गरजेपेक्षा फार जास्त काळ पाळली गेली. दोनदा लिहायच्या पद्धतीत एक ओळ विसरणं अगदी सोपं होतं, आणि लोक विसरलेही.

बिट लावणारं, म्हणजे एखादा बिट 1 करणारं फंक्शन घ्या. त्यात नुसतं ‘=एम’ होतं, इनपुटची ओळ नव्हतीच. ‘=’चा अर्थ ‘जुनी किंमत मला नको’. आता आधीच्या ओळीत मेमरीतल्या त्याच शब्दात (बिटांच्या ठरावीक गटात) शून्य लिहिलं असेल, तर कंपायलरच्या हिशेबी ते लिहिणं वाया गेलं. तो ती ओळ काढून टाकू शकतो. मग आपला बिट लागतो, पण 32 बिटांच्या शब्दातल्या उरलेल्या 31 जागी आधी जे काही पडलं होतं तेच राहतं.

जुलै 2006 मध्ये कर्नलच्या आय३८६च्या (32 बिटांच्या एक्स८६च्या) फाइलींत एका झटक्यात ‘+एम’ आलं. वाचायला सोपं हे एक कारण दिलं गेलं, आणि काही फंक्शनं जुनी किंमत वाचतो हे सांगतच नव्हती, हे दुसरं. दुसरंच खरं वजनाचं. तरी वाद मिटला नाही. 2008 च्या सुमारास बिटांच्या फाइलीत दोन वाटा झाल्या: जीसीसी 4.1 च्या आधीच्या आवृत्त्यांसाठी ‘=एम’, पुढच्यांसाठी ‘+एम’. जुन्या वाटेवर शेराच होता की हे तांत्रिकदृष्ट्या चूक आहे, पण त्याने काही आवृत्त्यांवरच्या कंपाइल होतानाच्या चुका टळतात. चूक आहे हे माहीत असून ती ठेवावी लागणं हे मला आजही खुपतं.

मग 2019 मध्ये ‘+एम’सुद्धा तिथे अपुरं ठरलं. बिटाचा क्रमांक रजिस्टरमध्ये असेल तर बिट लावणारी ‘बीटीएस’ सूचना दिलेल्या पत्त्यापुढे कितीही लांब जाते. 200 वा बिट 64 बिटांच्या चौथ्या शब्दात पडतो, आणि कंपायलरला मात्र पहिलाच शब्द बदलला असं सांगितलेलं. उपाय म्हणून पत्ता साधं इनपुट झाला आणि क्लॉबरच्या यादीत (सूचना याशिवाय आणखी काय बदलते त्या यादीत) ‘मेमरी’ आलं.

मधल्या काळात जीसीसी 6 पासून फ्लॅग (सूचनेच्या निकालाच्या प्रोसेसरमधल्या खुणा) थेट आउटपुट म्हणून घेता येऊ लागले, जीसीसी 11 पासून ‘ॲस्म गोटो’लाही (असेंब्लीतून सीच्या लेबलवर उडी मारणाऱ्या प्रकारालाही) आउटपुट मिळाले. पण अक्षरांचा पेच चालूच आहे. ‘आरएम’ म्हणजे रजिस्टर किंवा मेमरी, जे सोयीचं ते. क्लँग हा दुसरा कंपायलर मात्र नेहमी मेमरीच निवडतो आणि हातात असलेली किंमत उगाच स्टॅकवर ठेवतो. म्हणून 2024 मध्ये कर्नलने त्यासाठी मॅक्रो केला: जीसीसीला ‘आरएम’, क्लँगला नुसतं ‘आर’.