पट्टा आवळला की हवा जास्तच सुटते

पंचवटीतले आमचे मामा रोज रात्री, झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायच्या सीपॅप यंत्राच्या मास्कचा पट्टा असा आवळायचे, जणू द्राक्षाची पेटीच बांधायचीय. सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ आणि तक्रार तीच, "हवा सुटतेच आहे!" सुटणारच. आवळल्यामुळेच सुटत होती.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. स्लीप ॲप्नियात घशातली वाट इतकी मिटते की श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो, आणि हे रात्रभर पुन्हा पुन्हा होतं. सीपॅप यंत्र हवेच्या दाबाने ती वाट उघडी धरतं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत मांडली. दाब फार नसतो, ४ ते २० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका.

बऱ्याच मास्कच्या सिलिकॉनच्या कडेला एक पातळ पदर असतो. तो हवेने फुगून चेहऱ्यावर टेकतो, तेव्हाच फट बुजते. पट्टा ओढला की पदर चेपतो, त्याला घड्या पडतात आणि हवा थेट डोळ्यांत. म्हणून पट्टे सैल करा, आडवे व्हा, यंत्र चालू करा; मग मास्क जरा पुढे ओढून अलगद सोडा. दुकानात खुर्चीवर बसून घातलेल्या मास्कवर माझा तरी विश्वास नाही. आडवं झालं, कूस बदलली की गालांचा आकारच बदलतो. (पुढच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा मात्र गळती नव्हे, उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो. ती बुजवू नका.)

मामांची दुसरी अडचण होती झुपकेदार मिशी. नाक झाकणारा मास्क वरच्या ओठावर टेकतो, तिथे केसांतून हवा निसटते. त्यांना नाकपुड्यांशी टेकणाऱ्या छोट्या उशांचा मास्क जमला. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याला नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागू शकतो, पण त्याची कड लांब, म्हणून गळतीच्या जागाही जास्त. काहींचा जबडा त्याने मागे ढकलला जातो आणि दाब वाढवावा लागतो. नाक सतत चोंदत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. पेसमेकर असेल तर मास्कच्या क्लिपांत चुंबक आहे का, हे विकत घेण्याआधीच विचारा.

नाशिकच्या थंडीत आणखी एक भानगड होते. ह्युमिडिफायरची (यंत्रातली हवा ओलसर करणाऱ्या भागाची) ऊबदार दमट हवा मास्ककडे येणाऱ्या गार नळीत निवते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि पहाटे नाकाशी थेंब येतात. नळी पांघरुणाखालून घेतली की ते बरंच थांबतं. मामींनी तर जुन्या सुती साडीची खोळच शिवली नळीला.