माणदेशी घोंगडी

माणदेशी घोंगडी : सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि त्यांना लागून असलेल्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून हातमागावर विणले जाणारे जाडेभरडे पांघरूण. माणगंगेकाठचे म्हसवड हे या धंद्याचे जुने नावाजलेले गाव.

मेंढ्या राखणारा आणि घोंगडी विणणारा हे बहुधा वेगळे. कळप हटकर धनगरांचे, माग खुटेकर धनगर आणि सनगर यांचे. कातरलेल्या लोकरीचे सूत काढण्यापर्यंतचे बरेचसे काम बायकांच्या हातून होते, नाव मात्र विणकराचे होते. मेंढ्या साधारणपणे वर्षातून दोनदा कातरतात. एका कातरणीत एका मेंढीची लोकर पाव किलोच्या आसपास निघते; त्यामुळे दोन-अडीच किलोच्या घोंगडीला आठ-दहा मेंढ्या लागतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती मऊ असते आणि थोडीच मिळते, म्हणून जावळाच्या घोंगडीला भाव जास्त.

पिंजलेली लोकर चरखा किंवा चातीवर (हाताने फिरवायच्या टकळीवर) कातली जाते. दख्खनी लोकरीचा धागा आखूड आणि राठ, त्यात केसही मिसळलेले. मागावर ताण पडला की तो सुटतो. त्यावरचा इलाज चिंचोके. ते भाजून, साल काढून, भिजवून वाटतात आणि शिजवून त्याची खळ करतात. ताण्यावर, म्हणजे मागावर लांबीत ताणलेल्या धाग्यांवर, ही खळ कुंच्याने चढवून तो उन्हात वाळवला की धाग्याचे सुटे तंतू बसतात आणि ताणा धोट्याचा (आडवा धागा नेणाऱ्या साधनाचा) आणि फणीचा (तो ठोकून बसवणाऱ्या साधनाचा) मारा सोसतो. नवी घोंगडी अंगाला टोचते आणि ताठ उभी राहते, ती या खळीमुळेच. एक-दोन धुण्यांत ती नरमते. विणकर खड्डामागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यावर मांडलेल्या मागावर, पाय खाली सोडून बसतो आणि पावड्या दाबत विणतो. काळी, पांढरी, तपकिरी लोकर सहसा न रंगवता तशीच वापरतात. मागणी काळ्याला जास्त.

लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत ओल शोषते आणि तरी लगेच गार लागत नाही. मेंढपाळाला याहून उपयोगी दुसरे वस्त्र नव्हते. दिवाळीनंतर कळप कोकणाच्या वाटेला लागतात, रानोरान खतासाठी बसवले जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात; या सगळ्या वाटेवर घोंगडी हे अंथरूण, पांघरूण आणि पावसात डोक्यावरची खोळ. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात यात्रेला गेल्यास ती खांद्यावर आजही दिसते. निवडणुकीतल्या घोंगडी बैठकांत मात्र आता बऱ्याचदा सतरंजीच असते.

धंदा का खालावला, याचे उत्तर गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटवर ढकलले जाते. ते अर्धेच खरे. कानपूर-धारीवालच्या लोकर गिरण्या एकोणिसाव्या शतकातच उभ्या राहिल्या होत्या आणि त्यानंतरही माणदेशातले माग चालत होते. मोठा घाव कळपातच बसला. मटणाचा भाव चढत गेला तशी मेंढी लोकरीऐवजी मांसासाठी निवडली जाऊ लागली. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी याचा उत्तम दाखला : उंच, बाकदार नाकाची, झपाट्याने वाढणारी, पण अंगावर लोकर बेताचीच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळे मेंढीतील जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘सुवर्णा’ ही जात घडवली. तिचाही हेतू कोकरे वाढवणे हाच. मेंढपाळाच्या हिशेबाने हे बरोबरच आहे. राठ लोकरीला मिळणाऱ्या दरात कातरणाऱ्याची मजुरीही भागत नाही, तेव्हा ती अनेकदा रानातच टाकून दिली जाते.

१९७८ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे याच पट्ट्यात, दहिवडी आणि रांजणी येथे आहेत. घोंगडीला नवे गिऱ्हाईक मिळते ते शहरांत : योगासनाची आसने, पाठदुखीवरचा उपाय म्हणून घेतलेली अंथरुणे, पिशव्या.