भुसभुशीत खडकावरची रातपाल

मॉरिशसच्या उत्तर टोकाला काप मालेरेच्या किनाऱ्यावर उभं राहिलं, की समोर समुद्रात एका बाजूने उचललेल्या पाचरीसारखा डोंगर दिसतो. हे कोँ द मीर बेट. तोफेचा नेम वर-खाली करायला तिच्या बुडाखाली जी लाकडी पाचर सारत, तिच्यावरून हे नाव पडलं. इथल्या खडकांच्या फटींत दिवसभर दडून राहणारी आणि अंधार पडल्यावर बाहेर येणारी एक पाल 1985 साली नवी प्रजाती म्हणून नोंदली गेली. शेपटी सोडली तर ती चार सेंटीमीटरही भरत नाही. शास्त्रीय नाव नॅक्टस कोइंडेमिरेन्सिस. आपण तिला छोटी रातपाल म्हणू. जागतिक यादीत तिची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे.

पण हे बेट म्हणजे तिचं मूळ घर असं समजू नये. मुख्य मॉरिशस बेटावर सापडलेल्या जुन्या हाडांवरून दिसतं, की या कुळातल्या पाली एके काळी तिथेही सर्वत्र होत्या. 1598 मध्ये डच उतरले, पुढे फ्रेंच आले, 1810 पासून इंग्रज. जहाजांमागून उंदीर, मांजरं आली. डोडो गेला ते जगाला ठाऊक झालं. फटीतली पाल गेल्याचं कोणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

आणि जहाजांमधून आणखी एक जीव आला, जो आपल्या फार ओळखीचा आहे. ट्यूबलाइटभोवती किडे टिपणारी, बोलता बोलता भिंतीवर चुकचुकणारी आशियाई घरपाल. 1834 नंतर गिरमिटिया मजूर घेऊन मुंबई बंदरातूनही जहाजं गेली. मॉरिशसमधला आजचा मराठी समाज त्याच वाटेने गेलेल्या कोकणी-देशी माणसांचा. घरपाल नेमकी कोणत्या गलबतातून उतरली हे महत्त्वाचं नाही. मालाच्या पेट्यांमधून ती जगभर पोहोचली आहे.

2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या दोघींचं नातं उलगडलं, आणि मला या साऱ्या कथेत तो भाग सगळ्यांत विलक्षण वाटतो. दोघींना एका बंदिस्त जागेत ठेवलं, तेव्हा घरपालीने रातपालीला लपायच्या चांगल्या जागांवरून हुसकावून लावलं. घरपालीच्या बोटांखाली चिकटून धरणाऱ्या पट्ट्या असतात, त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावर तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. रातपालीला अशा पट्ट्या नाहीत, नुसती नखं आहेत. मात्र ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला भुसभुशीत खडक आला, की पारडं फिरतं: कण सुटत राहतात, पट्ट्यांना पकड मिळत नाही, आणि नखांवर चालणारी रातपाल तिथे सहज वावरते. घरपाल पोहोचलेल्या ठिकाणी रातपाल उरली, ती असल्या खडकावरच. तेव्हा आज आपण ज्यांना तिची वसतिस्थानं म्हणतो, त्या खरं तर तिच्यासाठी सोडून दिलेल्या जागा आहेत.

तिच्या दोन नातलग, राउंड आयलंड आणि सर्पंट आयलंडवरच्या रातपाली, घरपाल कधीच न पोहोचलेल्या बेटांवर टिकल्या. राउंड आयलंडवर शेळ्या आणि सशांनी झाडोरा फस्त केला होता. 1979 मध्ये शेळ्या आणि 1986 मध्ये ससे हटवल्यावर तिथली हिरवळ परतू लागली. कोँ द मीरवरचे उंदीर 1990 च्या दशकात संपवण्यात आले.

छोट्या रातपालीचे आणखी काही आश्रय आग्नेय किनाऱ्याजवळच्या चिमुकल्या बेटांवर आहेत, आणि नेमक्या त्याच बाजूला 25 जुलै 2020 रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या टाकीतून सुमारे 1,000 टन तेल समुद्रात सांडलं. तेव्हा 30 छोट्या रातपाली आणि सोबत दोन जातींचे 36 सरडे उचलून इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले. ज्या समुद्राने शत्रूंना इतकी वर्षं दूर ठेवलं, त्यातूनच या वेळी संकट आलं होतं.

घरपालीचा धोका मात्र आजही तसाच आहे. तिची मादी शुक्रपेशी महिनोन्‌महिने साठवू शकते, म्हणून एखादीच पुरते. राउंड आयलंडवर जाणाऱ्यांचं सगळं सामान आधी बंद खोलीत उघडून तपासतात: तंबूच्या घड्या, बुटांचे तळवे, पिशव्यांच्या शिवणी.