क्षमा झाली हे कळायचे कसे? ख्रिस्ती पापनिवेदनाची पार्श्वभूमी

प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकरी मागून झाली की लगेच पुढच्या ओळीत क्षमा मागितली जाते. चर्चमध्ये वाढलेल्या मुलांना ही प्रार्थना अर्थ कळायच्या आधीच पाठ होते. भाकरी मिळाली की पोटाला कळते. पण क्षमा मिळाली हे कोणाला आणि कशावरून कळायचे? पापाची जाणीव झालेल्या माणसाला हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. ख्रिस्ती परंपरेत पापनिवेदनाच्या, म्हणजे आपली पापे कबूल करण्याच्या ज्या पद्धती आल्या, बदलल्या किंवा मोडल्या, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच प्रश्न सापडतो.

त्याची सुरुवात येशूच्याही आधी, यहुदी परंपरेत होते. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बकरे आणायचे, एकाचे अर्पण करायचे. दुसऱ्याच्या डोक्यावर प्रमुख याजक दोन्ही हात ठेवतो, सगळ्या लोकांचे अपराध मोठ्याने कबूल करतो आणि मग तो बकरा रानात सोडून दिला जातो. आपले पाप दूर चालले आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसत असे. ५१वे स्तोत्र मात्र वेगळ्या सुरातले आहे. परंपरेने ते दावीद राजाचे मानतात. बथशेबा या दुसऱ्याच्या बायकोशी केलेल्या व्यभिचाराबद्दल नाथान संदेष्ट्याने तोंडावर अपराध दाखवल्यावर त्याने केलेली ही विनवणी. देवाला होमबली नको, भग्न हृदय हवे, असे ते स्तोत्र सांगते. पुढच्या सगळ्या इतिहासात विधी की हृदय, हा ताण कायम राहिला.

मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूमच्या त्या घराची गोष्ट येते. दाराशी एवढी गर्दी की चौघांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाटेसकट खाली सोडले. येशू त्याला आधी बरे करत नाही. तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, एवढेच म्हणतो. बसलेल्या शास्त्र्यांच्या मनात लगेच येते की पापाची क्षमा देवाशिवाय कोण करू शकतो? मग येशू त्या माणसाला खाट उचलून घरी जायला सांगतो आणि तो सर्वांसमोर चालत जातो. न दिसणाऱ्या क्षमेला दिसणारी साक्ष मिळाली ती अशी.

पहिल्या पिढ्यांना ही साक्ष बाप्तिस्म्यात मिळे. पाण्यात उतरलो, मागचे सगळे धुतले गेले. अडचण पुढची होती: बाप्तिस्म्यानंतर पाप घडले तर? दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने उत्तर दिले की पश्चात्तापाची आणखी एक संधी आहे, पण एकच. या भीतीपोटी अनेक जण बाप्तिस्माच लांबणीवर टाकत. सम्राट कॉन्स्टन्टाइनने तो घेतला ३३७मध्ये, मरणशय्येवर.

खरी कसोटी लागली २५०मध्ये. सम्राट डेसियसने फर्मान काढले की प्रत्येकाने रोमन देवांना अर्पण करून तसा दाखला घ्यावा. पपायरसवर लिहिलेले असे काही दाखले इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकून राहिले आणि आज संग्रहालयांत आहेत. त्यांचा मजकूर अर्जासारखा आहे: मी देवांना नेहमी अर्पण करत आलो, आत्ताही तुमच्यासमोर केले, तरी खाली सही करावी. जिवाच्या भीतीने अनेक ख्रिस्ती लोकांनी अर्पण केले, काहींनी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक रडत मंडळीच्या दाराशी परत आले. यांना आत घ्यायचे की नाही? रोममध्ये नोव्हाशियनने साफ नकार दिला आणि वेगळी चूल मांडली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मधली वाट धरली: दीर्घ प्रायश्चित्त करा, मग आत या. मला सिप्रियनचा निर्णय मोठा वाटतो. तो स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता, त्याबद्दल त्याने टीकाही सोसली होती, आणि पुढे २५८मध्ये त्याने हौतात्म्य पत्करले.

त्यानंतरची काही शतके प्रायश्चित्त सार्वजनिक होते. मोठा अपराध केलेले लोक वेगळे उभे राहत, प्रभुभोजनात, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीत, त्यांना भाग नसे, आणि मुदत संपली की बिशप हात ठेवून त्यांना परत घेई. राजाही यातून सुटला नाही. ३९०मध्ये थेसलोनिकात रोमन सम्राट थेओडोशियसच्या हुकमाने हजारोंची कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोज याने पत्र लिहून सम्राटाला प्रभुभोजन नाकारले. थेओडोशियसने राजचिन्हे उतरवून लोकांसमोर पश्चात्ताप केला. क्षमा झाली हे तेव्हा सगळ्या गावाला कळत असे. पण हे प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच करता येई, आणि त्याच्या अटी पुढेही पाठ सोडत नसत. त्यामुळे लोक तेही म्हातारपणावर ढकलू लागले.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याच काळातला. तरुणपणी शेजारच्या झाडावरून चोरलेल्या नासपतींची गोष्ट त्याने ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात पानेच्या पाने उलगडली आहे. भूक नव्हती, फळेही चांगली नव्हती, डुकरांपुढे टाकली. मग चोरली कशाला? वाईट करण्यातच गोडी वाटली म्हणून. पापाची जाणीव एवढ्या बारकाईने याआधी क्वचितच कोणी लिहिली असेल. त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल त्याचा चरित्रकार पोसिडियस सांगतो ते मला फार जवळचे वाटते. ४३०मध्ये हिप्पो शहराला व्हँडलांचा वेढा पडला होता. आजारी ऑगस्टीनने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेतली आणि अंथरुणावरून वाचता येतील अशी भिंतीवर लावली. शेवटचे दहाएक दिवस कोणाला आत येऊ न देता तो ती वाचत आणि रडत राहिला. कृपेवर आयुष्यभर लिहिलेला हा माणूस शेवटीही पश्चात्तापाच्या ओळीच वाचत होता.

एकदाच मिळणारी संधी हा पेच आयर्लंडच्या मठवासीयांनी सोडवला. सहाव्या शतकापासून त्यांच्याकडे खासगी आणि पुनःपुन्हा करता येणारे पापनिवेदन रुजले. कोणत्या पापाला भाकरी-पाण्यावर किती उपवास, याची पुस्तकेच तयार झाली. कोलंबानसने ही रीत युरोपच्या मुख्य भूमीवर नेली. ५८९च्या तोलेदो परिषदेने वारंवार क्षमा मागण्याच्या प्रथेचा निषेध केला, पण लोकांची गरज मोठी होती आणि रीत पसरली. १२१५मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने तर वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे प्रत्येक जाणत्या माणसाला बंधनकारक केले आणि ते गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा ठरवली. गोव्यात ‘कुमसार’ म्हणतात ती हीच प्रथा, पोर्तुगिजांबरोबर आलेली.

याच सुमारास एक बारीक पण महत्त्वाचा बदल घडला. पूर्वी धर्मगुरू प्रार्थना करी की देव तुला क्षमा करो. तेराव्या शतकात तो म्हणू लागला, मी तुला पापांतून मोकळे करतो. थॉमस अक्वायनसने या शब्दांची बाजू मांडली. ऐकणाऱ्याला आता थेट, कानांनी ऐकू येणारी ग्वाही मिळाली.

तरीही शिक्षा भोगायची राहते, ही भीती होतीच. पापविमोचनपत्रे त्या भीतीवर उभी राहिली. शिकवणीनुसार ती पापाची नव्हे तर क्षमेनंतर उरलेल्या शिक्षेची सूट देत. बाजारात हा फरक टिकला नाही. १४५४-५५मध्ये युरोपात छापखाना नुकता सुरू झाला तेव्हाच्या अगदी पहिल्या छपाईत अशी पत्रे आहेत. मजकूर छापलेला आणि नाव व तारीख हाताने भरायला जागा कोरी. इजिप्तचे ते दाखले आणि ही पत्रे शेजारी ठेवून पाहिली की वाटते, माणसाला आपली सुटका कागदावर लिहून हवी असते.

मार्टिन ल्यूथरला कागद पुरला नाही. १५०५मध्ये तो एरफर्टच्या मठात गेला. उपवास, जागरणे, सगळे केले. पापनिवेदनाला बसला की तासन्‌तास बसे, आणि उठून निघाला की विसरलेले एखादे पाप आठवे. सगळे आठवल्याशिवाय क्षमा नाही असे मानले, तर आपल्याला सगळे आठवले हे कोण सांगणार? त्याचा वरिष्ठ योहान फॉन स्टाउपिट्झ याने त्याला स्वतःच्या मनात खोदणे थांबवून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगितले. पुढे विटेनबर्गला बायबलमधले पौलाचे रोमकरांस पत्र शिकवताना, देवाचे नीतिमत्त्व म्हणजे शिक्षेची तलवार नसून विश्वासाने मिळणारे दान आहे, हे त्याला उमगले. ३१ ऑक्टोबर १५१७च्या ९५ सिद्धान्तांतला पहिलाच सांगतो की ख्रिस्ताला विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे हवे आहे. ल्यूथरने खासगी पापनिवेदन मोडीत काढले असे अनेकांना वाटते. तसे नाही, त्याने सक्ती आणि पापांची मोजदाद नाकारली, क्षमेचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचा दिलासा त्याला शेवटपर्यंत हवा होता. कॅथलिक बाजूने १५५१मध्ये ट्रेंट परिषदेने पापनिवेदनाच्या संस्काराची शिकवण नव्याने पक्की केली.

इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीचा प्रश्नही खात्रीचाच होता. १७३६मध्ये अमेरिकेला जाताना वादळात जहाजाचे शीड फाटले, इंग्रज प्रवासी किंचाळू लागले आणि मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचे ख्रिस्ती मात्र शांतपणे स्तोत्र गात राहिले. ती शांती आपल्याकडे नाही हे या धर्मगुरूला बोचत राहिले. २४ मे १७३८च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत कोणीतरी रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होते. पावणेनऊच्या सुमारास आपल्या हृदयाला विलक्षण ऊब जाणवली आणि माझी, माझीसुद्धा पापे दूर झाली अशी खात्री पटली, असे त्याने रोजनिशीत लिहिले. क्षमेची खूण आता अनुभवात शोधली जाऊ लागली, आणि एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या अनेक मिशनऱ्यांवर याच वळणाचा ठसा होता.

आपल्याकडे या प्रवासाचा सर्वांत प्रामाणिक आलेख पंडिता रमाबाईंचा आहे. १८५८मध्ये जन्मलेल्या रमाबाई आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रे हिंडल्या. व्रते, उपवास, पवित्र स्नाने सगळे झाले. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. पुढे इंग्लंडमध्ये त्यांना वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी लंडनमधील फुलहॅमचे काम दाखवले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने वागवले जाई. असे का, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू विहिरीपाशी जिच्याशी आपुलकीने बोलला ती शोमरोनी बाई भेटली. १८८३मध्ये बाप्तिस्मा झाला. पण गोष्ट इथे संपत नाही. तब्बल आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मात्र मिळालेला नाही. हे त्यांनी १९०७च्या आपल्या साक्षीत उघड लिहिले. विल्यम हॅसलम या कॉर्नवॉलच्या धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले होते. १८५१मध्ये स्वतःच उपदेश करता करता त्याचे परिवर्तन झाले होते. आपण आहोत तसे, काहीही कमावल्याशिवाय यायचे आहे, हे कळल्यावर रमाबाईंच्या मनावरचे ओझे उतरले.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जानेवारी १९०५पासून स्त्रिया रोज प्रार्थनेला जमू लागल्या. वेल्समधल्या धार्मिक जागृतीच्या बातम्या आलेल्या होत्या. जूनच्या शेवटी एका पहाटे एका मुलीला अंगात आग पेटल्यासारखे वाटले, आणि खोलीतली दुसरी बाई घाबरून पाण्याची बादली आणायला धावली. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट त्यातच आहे. मुली रडू लागल्या, मोठ्याने आपली पापे कबूल करू लागल्या, आणि काही दिवस शाळा बंद ठेवावी लागली. यातल्या कितीतरी दुष्काळातून वाचवलेल्या, जगाने ज्यांच्यावर अन्याय केला त्याच. त्यांच्या अश्रूंना नुसती भावनेची लाट म्हणणे मला पटत नाही. गोंगाट फार होतो अशी टीका झाली, तरी रमाबाईंनी मुलींना आपल्या रीतीने प्रार्थना करू दिली, आणि खूण म्हणून त्यांच्या बदललेल्या वागण्याकडे बोट दाखवले. त्याच मुलींचे गट करून त्यांनी पुढे आसपासच्या गावांत पाठवले.