आधी शब्द की आधी चाल : गीतकार-संगीतकारांच्या जोड्या आणि इंग्रजी संगीतिकेची जडणघडण

गाणे रचताना शब्द आधी यावेत की चाल, हा वरवर पाहता दोन कलावंतांच्या आपसातल्या सोयीचा प्रश्न वाटतो. परंतु लंडन आणि न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर संगीतिका ज्या वळणांनी घडत गेली, त्यांपैकी कित्येकांचा उगम या प्रश्नाच्या वेगवेगळ्या उत्तरांत सापडतो.

डब्ल्यू. एस. गिल्बर्ट आणि आर्थर सलिव्हन १८७१ मध्ये प्रथम एकत्र आले आणि १८९६ पर्यंत त्यांनी १४ संगीतिका लिहिल्या. गिल्बर्ट संहिता आणि पदे आधी लिहून देत असे, सलिव्हन त्यांना चाली लावत असे, आणि तालमींवर पुन्हा गिल्बर्टचीच करडी नजर असे. त्यामुळे विनोदाचा प्रत्येक शब्द प्रेक्षकांपर्यंत पोहोचत असे. मात्र आपले संगीत शब्दांच्या सेवेतच राहते, ही सलिव्हनची खंतही त्यातूनच वाढली. १८९० मध्ये नाट्यगृहातील गालिच्याच्या खर्चावरून दोघांचे बिनसले, तेव्हा गालिचा हे बहुधा निमित्तच असावे.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र वेगळे होते. गाण्यांच्या छापील स्वरलिप्यांची विक्री हा मोठा व्यवसाय असल्याने कथानकाशी फारसा संबंध नसलेली गाणीही नाटकात घातली जात. १९१५ नंतर संगीतकार जेरोम कर्न, संहितालेखक गाय बोल्टन आणि गीतकार पी. जी. वुडहाऊस यांनी न्यूयॉर्कच्या प्रिन्सेस थिएटरसाठी लिहिताना ही सवय मोडायला सुरुवात केली. अवघ्या २९९ आसनांच्या त्या नाट्यगृहात भपक्याला जागाच नव्हती, आणि गाणी कथेतून उगवण्यास ही अडचणच पथ्यावर पडली.

रिचर्ड रॉजर्स आणि लोरेन्झ हार्ट यांच्या जोडीत बहुतेक वेळा चाल आधी तयार होई आणि हार्ट तीवर चमकदार, श्लेषांनी भरलेले शब्द बसवी. अशी गाणी नाटकाबाहेरही जगली. पण ती कोणत्या पात्राच्या तोंडी होती, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसे. गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइनने कर्नबरोबर १९२७ मध्ये ‘शो बोट’ लिहून वर्णभेदासारखा गंभीर विषय संगीतिकेत आणला होता. कर्नची रीतही चाल आधी बांधण्याची असल्याने, केवळ क्रम उलटला की नाटक सुधारते असे म्हणता येणार नाही.

तरीही १९४३ मध्ये रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी ‘ओक्लाहोमा!’साठी शब्द आधी लिहिण्याचा निर्णय घेतला, त्याचे परिणाम दूरगामी ठरले. हॅमरस्टाइन प्रसंग, पात्र आणि त्या क्षणीची मनःस्थिती निश्चित करून मगच पद लिहीत असे. नर्तिकांच्या ताफ्याने पडदा उघडण्याच्या प्रथेऐवजी येथे लोणी घुसळणारी एक वृद्ध स्त्री रंगमंचावर दिसते आणि नायकाचे गाणे पडद्याआडून ऐकू येते. ॲग्नेस डी मिलने बसवलेले स्वप्ननृत्यही नायिकेच्या मनातली भीती उलगडते. या संगीतिकेचे मूळ संचात २,२१२ प्रयोग झाले, आणि त्याच कलाकारांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिकांमुळे ती गाणी सुटी न राहता एका नाटकाची म्हणून घरोघरी पोहोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हार्टचे निधन झाले. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांची जोडी मात्र १९६० मध्ये हॅमरस्टाइनच्या मृत्यूपर्यंत टिकली.

पुढच्या पिढीने हा नमुना जसाच्या तसा उचलला नाही. संगीतकार जॉन कँडर आणि गीतकार फ्रेड एब एकाच खोलीत पियानोजवळ बसून शब्द आणि सूर एकत्रच घडवत. १९६६ च्या ‘कॅबरे’मध्ये काही गाणी कथा पुढे नेतात, तर नाइटक्लबमधली गाणी तिच्यावर उपरोधिक भाष्य करतात. गीतकार टिम राइस आणि संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांनी तर रंगमंचाच्याही आधी ध्वनिमुद्रणाचा मार्ग धरला. ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ १९७० मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या रूपात आले आणि १९७१ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, पोहोचले. ‘एव्हिटा’ही १९७६ मध्ये आधी ऐकली गेली, १९७८ मध्ये हॅरोल्ड प्रिन्सने ती लंडनमध्ये उभी केली, तेव्हा श्रोत्यांना तिची गाणी आधीच पाठ होती आणि दिग्दर्शकाला शब्द व चाल या दोहोंनंतर दृश्य शोधावे लागले.